मॉर्फिन सुरू करायचं म्हणतायत... ओपिऑइड (अफूच्या कुळातल्या) पेनकिलर्सबद्दल कुणाला नीट माहिती असेल तर लिहा प्लीज

सांजवात

सासूबाईंचा ब्रेस्ट कॅन्सर हाडांत पसरलाय, मणक्यात आणि खुब्यात. रेडिएशन झालं, त्याने थोडा फरक पडला पण अजूनही रात्री कूस बदलताना ओरडतात. आधी पॅरासिटामॉल, मग त्याच्यासोबत ट्रामाडॉल, आणि आता डॉक्टर म्हणाले ट्रामाडॉल वाढवून वाढवून किती वाढवणार, त्याची कमाल मर्यादा आली, आपण मॉर्फिनच्या गोळ्या चालू करू.

हे नाव ऐकल्यापासून घरात वेगळंच वातावरण आहे. नणंद म्हणते आईला या वयात व्यसन लावू नका. नवऱ्याला वाटतंय मॉर्फिन म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली. आणि सासूबाई स्वतः म्हणतात, "आत्ताच एवढं जोरदार औषध घेतलं तर पुढे जास्त दुखायला लागल्यावर काय घेऊ?" याला काय उत्तर द्यायचं मला कळलं नाही. गोळ्यांची स्ट्रिप तीन दिवस कपाटात पडून आहे, कुणी उघडलेली नाही. ज्यांना माहिती आहे, ज्यांनी घरच्यांसाठी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

नीलमोहर

सांजवात, वाचून वाईट वाटलं गं. माझ्याकडे माहिती नाही फारशी, पण नेटवर अमेरिकेतलं जे काही येतं ना, पेनकिलरने हजारो लोक गेले वगैरे, ते वाचल्यावर कुणीही घाबरेलच. डॉक्टरांना स्पष्ट विचार की दुसरं काही नाहीये का.

भूलभुलैया

मी भूलतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करण्याचं काम करतोय. पेशंटला न बघता डोस सांगणार नाही, पण तुमच्या घरातल्या तिन्ही शंका मी रोज ऐकतो म्हणून सविस्तर लिहितो.

सासूबाईंच्या शंकेपासून सुरू करू कारण ती सगळ्यात महत्त्वाची. "पुढे काय घेऊ" ही भीती अगदी स्वाभाविक आहे, पण मॉर्फिनच्या बाबतीत ती लागू नाही. ट्रामाडॉलला कमाल डोस असतो, साधारण दिवसाला ४०० मिलीग्रॅम, त्याच्या वर गेलं की फिट येण्याचा धोका वाढतो. कॅन्सरच्या दुखण्यासाठी तोंडाने दिलेल्या मॉर्फिनला असा ठरलेला वरचा आकडा नाही. दुखणं वाढलं तर डोस वाढवता येतो, साइड इफेक्ट झेपेनासे झाले तर त्याच कुळातल्या दुसऱ्या औषधावर जाता येतं. पुढच्यासाठी राखून ठेवण्यात काही फायदा नाही. उलट न झोपता, न खाता, न हलता काढलेल्या आठवड्यांत पेशंट खंगतो, आणि मुरलेलं दुखणं ताब्यात आणायला जास्त त्रास पडतो.

तुमच्या मिस्टरांची शंका. मॉर्फिन द्यायचं की नाही हे दुखणं किती आहे त्यावर ठरतं, आयुष्य किती उरलंय त्यावर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली, पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉल आणि सुजेवरच्या गोळ्या, दुसरीवर कोडीन-ट्रामाडॉलसारखी सौम्य ओपिऑइड्स आणि तिसरीवर मॉर्फिन. २०१८ च्या नव्या मार्गदर्शनात ही शिडी कवायतीसारखी पाळू नका, दुखणं तीव्र असेल तर सरळ मॉर्फिनपासून सुरुवात करा असंही म्हटलंय. माझे कितीतरी पेशंट मॉर्फिन घेत केमो घेतात, चालतात, बसून गप्पा मारतात. योग्य डोसमध्ये मॉर्फिन दिल्याने मरण लवकर येत नाही.

आता व्यसन. शरीराला औषधाची सवय होणं आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात, काही वेळा डॉक्टरसुद्धा. काही आठवडे रोज मॉर्फिन घेतलं तर शरीर सरावतं, अचानक बंद केलं तर घाम, जांभया, अंगावर काटा, जुलाब, अस्वस्थपणा हे होणार, कुणालाही होणार. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तरी प्रेशर उसळतं, त्याला आपण व्यसन म्हणत नाही. व्यसनात माणूस नुकसान होतंय हे दिसत असूनही औषधाच्या मागे धावतो, लपवतो, त्याच्यापुढे बाकी आयुष्य मागे पडतं. ते होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही, विशेषतः आधी दारूचं किंवा दुसरं व्यसन असेल तर जास्त लक्ष ठेवावं लागतं. पण हाडातल्या कॅन्सरचं दुखणं असलेल्या तुमच्या सासूबाई वेळेवर गोळी मागतायत याचा अर्थ त्यांना दुखतंय.

देताना डॉक्टर जी वेळ सांगतील ती घड्याळ लावून पाळा. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो म्हणून ती चार-चार तासांनी असते, रात्री मध्ये उठवायला नको म्हणून झोपतानाचा डोस बऱ्याचदा मोठा देतात. दुखलं की द्या आणि नाही दुखलं तर नको, असं केलं तर पेशंट दिवसभर वर-खाली होत राहतो. मधेच दुखणं उसळलं तर द्यायचा जादा डोस वेगळा असतो, साधारण दिवसभराच्या एकूण डोसच्या सहाव्या हिश्शाएवढा, पण तो आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ट्रामाडॉल चालू ठेवायचं की बंद करायचं हेही विचारा, सहसा बंद करतात. आणि किडनीचा रिपोर्ट दाखवलाय ना? मॉर्फिनचे लिव्हरमध्ये तयार झालेले घटक किडनीवाटे बाहेर पडतात, किडनी मंद असेल तर ते साठतात आणि गुंगी, झटके, भ्रम सुरू होतात. अशा वेळी फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा पर्याय असतो.

पांढरापट्टा

मी ऑन्को म्हणजे कॅन्सरच्या वॉर्डला नर्स आहे. वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट राहिली आणि घरी खरी फजिती तिनेच होते. पोट. आतड्यांतसुद्धा तेच रिसेप्टर (औषध जिथे चिकटून काम करतं त्या जागा) असतात जे मणक्यात आणि मेंदूत असतात, त्यामुळे आतडी सुस्तावतात. मळमळ आठवड्याभरात कमी होते, गुंगी दोन-चार दिवसांत ओसरते, पण बद्धकोष्ठता ओसरत नाही, जितके दिवस मॉर्फिन तितके दिवस ती राहणार. म्हणून पहिल्या गोळीच्या दिवसापासून रेचक, सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिलसारखं, डॉक्टर देतील ते. नुसत्या इसबगोलावर राहू नका, पाणी कमी पिणाऱ्या पेशंटला त्याने उलट अडकतं. पोट साफ झालं की नाही हे रोज वहीत लिहायचं, तीन दिवस झालं नाही तर फोन करायचा. मी असे नातेवाईक बघितलेत की मॉर्फिनने दुखणं थांबलं होतं छान पण पोट फुगलं म्हणून औषधच बंद केलं आणि पेशंट परत ओरडायला लागला. रेचक नीट दिलं असतं तर ही वेळच आली नसती.

पहिले दोन दिवस सासूबाई खूप झोपल्या तर घाबरू नका. कित्येक रात्रींची झोप राहिलेली असते ती निघते. हाक मारल्यावर डोळे उघडतायत, नीट बोलतायत, श्वास शांत आहे, तर ठीक आहे. पण हाक मारून, खांदा हलवून जाग्या होत नाहीत किंवा हातपाय झटकतायत, नसलेली माणसं दिसतायत, तर पुढचा डोस द्यायच्या आधी फोन करा. आणि एकट्याने उठून बाथरूमला जाऊ देऊ नका, चक्कर येते, त्यात हाडं आधीच कमकुवत.

अजून एक. लाँग ॲक्टिंग गोळी दिली असेल, पाकिटावर एसआर किंवा सीआर असं असतं, तर ती कुटायची नाही, तोडायची नाही, चावायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं.

वारकरीमन

हे सगळं ठीक आहे पण मला एक पटत नाही. अमेरिकेत पण डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं की व्यसन लागत नाही, बिनधास्त घ्या. काय झालं शेवटी? आपल्याकडे कायदे कडक आहेत ते चांगलंच आहे की. एकदा सैल सोडलं की आपल्याकडची पोरं काय करतील सांगायला नको. पेशंटबद्दल सहानुभूती आहेच, पण समाजाचाही विचार करायला हवा.

दूरदेशी

मी गेली अनेक वर्षं अमेरिकेत आहे, इथे हे सगळं डोळ्यांसमोर घडलंय म्हणून वारकरीमन यांच्या प्रतिसादाला उत्तर द्यावंसं वाटतं. तुमची भीती खोटी नाहीये. फक्त तिथे नेमकं काय झालं ते बघा.

१९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आणली, आत ऑक्सिकोडोन, हळूहळू सुटणारं. मॉर्फिनच्याच घराण्यातलं औषध. कॅन्सर सोडून पाठदुखी, गुडघेदुखी, सांधेदुखी यासाठी ते लिहावं म्हणून प्रचंड मार्केटिंग केलं. आणि व्यसन लागत नाही याला आधार म्हणून पुन्हा पुन्हा काय दाखवलं गेलं तर १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेलं एक परिच्छेदभर पत्र. त्यात एवढंच होतं की हॉस्पिटलमध्ये दाखल असताना अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ पेशंट्सपैकी फक्त चौघांत व्यसनाची नोंद सापडली. घरी गेल्यावर काय झालं, महिनोन्‌महिने घेतल्यावर काय झालं, याबद्दल अक्षर नाही. २०१७ मध्ये कुणीतरी मोजलं तर हे पत्र ६०८ वेळा उद्धृत झालेलं निघालं, आणि बहुतेकांनी ते पेशंट दाखल असलेले होते हे सांगितलंच नव्हतं. मला याचा अजूनही संताप येतो. २००७ मध्ये त्या कंपनीने कोर्टात दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, साठ कोटी डॉलरच्या वर दंड झाला, २०२० मध्ये परत गुन्हे कबूल केले. तोपर्यंत गावंच्या गावं पोखरली गेली होती.

त्यानंतरचं जास्त वाईट आहे. गोळ्यांवर अडकलेल्या लोकांना गोळ्या मिळेनाशा झाल्यावर बरेच जण हेरॉइनकडे वळले, साधारण २०१३ पासून चोरून बनवलेलं फेंटानिल आलं, जे मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र असतं. २०२१ या एका वर्षात ओपिऑइडच्या ओव्हरडोसने ऐंशी हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुसंख्य या बेकायदा फेंटानिलने. आणि दुसऱ्या बाजूला ओपिऑइड कशी लिहावीत याबद्दलच्या २०१६ च्या सरकारी गाइडलाइननंतर घाबरलेल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं डोसवर स्थिर असलेल्यांची औषधं झटक्यात तोडली. ते लोक घरात तडफडले, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये इथल्या एफडीएला, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, इशारा द्यावा लागला की अचानक बंद करू नका, आणि २०२२ मध्ये ती गाइडलाइन सुधारून लिहावी लागली.

म्हणजे सासूबाईंना जे औषध द्यायचंय त्याच्याच घराण्यातलं औषध इथे चुकीच्या दुखण्यासाठी, चुकीच्या मुदतीसाठी, खोटं सांगून विकलं गेलं. त्याचा दंड कॅन्सरच्या पेशंटने भरायचा का?

भूलभुलैया

दूरदेशी, फार नीट मांडलंत. दुखणं कुठलं यावर सगळं अवलंबून आहे. साध्या पाठदुखीला, मानदुखीला ही औषधं द्यावीत का याची ऑस्ट्रेलियात चाचणी झाली, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलला आली, ३४७ लोक होते, अर्ध्यांना ऑक्सिकोडोन आणि अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. सहा आठवड्यांनी दुखण्यात काही फरक नाही. त्याआधी २०१८ मध्ये अमेरिकेत जुनाट पाठदुखी आणि गुडघ्या-खुब्याच्या संधिवातावर वर्षभराची चाचणी झाली, त्यातही ओपिऑइड घेणारे साध्या औषधांवाल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत, साइड इफेक्ट मात्र जास्त. दीर्घकाळ मोठे डोस घेतले तर काहींची वेदना सहन करण्याची ताकदच कमी होते, म्हणजे औषधानेच दुखणं वाढतं.

मोठं ऑपरेशन, अपघात, भाजणं, हार्ट अटॅक, सिकल सेलचा झटका, कॅन्सर, शेवटच्या टप्प्यातली धाप, इथे या औषधांना दुसरा तोडीचा पर्याय नाही. ऑपरेशननंतर मात्र मोजकेच दिवस. पहिलं प्रिस्क्रिप्शन जितक्या जास्त दिवसांचं तितकी वर्षभरानंतरही औषध चालू असण्याची शक्यता जास्त, हे अमेरिकेतल्या लाखो नोंदींवरून दिसलंय.

खलबत्ता

मी फार्मासिस्ट. कायद्याचं थोडं लिहितो कारण वारकरीमन म्हणाले कायदे कडक आहेत ते चांगलं. अहो, ते ज्यांच्यासाठी कडक हवे त्यांना कडक राहिले नाहीत आणि ज्यांना औषध हवं होतं त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही.

अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात तेव्हा शिक्षा किमान दहा वर्षं, आणि हॉस्पिटलला मॉर्फिन ठेवायचं तर ठेवायचा, आणायचा, वाहतुकीचा असे वेगवेगळे परवाने, वेगवेगळ्या खात्यांकडून, आणि दुसरा मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपायची. चुकून नोंदीत गोळी कमी आली तर जेल. कोण ठेवणार? पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. आणि हे त्या देशात जिथे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते आणि बाहेरच्या देशांना विकली जाते. आपल्या शेतातल्या अफूतून परदेशातल्या पेशंटला आराम आणि आपला पेशंट विव्हळतोय, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

२०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक नार्कोटिक औषधं ठरवली, नियम सगळ्या देशाला एक, आणि राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता मिळालेल्या संस्थेला बाकीच्या परवान्यांच्या चकरा माराव्या लागत नाहीत. त्यामुळे सांजवात, तुम्हाला पुढच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये बहुतेक मिळणार नाहीत, मान्यताप्राप्त हॉस्पिटल किंवा पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्येच मिळतील. स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी जा, सुट्ट्या लागून आल्या तर त्याही धरा. प्रिस्क्रिप्शनची मूळ प्रत, पेशंटचं ओळखपत्र आणि वापरलेल्या स्ट्रिपा सोबत ठेवा.

बाकीच्यांचं सांगायचं तर ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून एनडीपीएसखाली आलंय. त्याआधी ते फार सहज मिळायचं आणि त्याचा गैरवापर फार व्हायचा. शेड्यूल एच-वन (चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची एक कडक यादी) मधली औषधं २०१४ पासून वेगळ्या रजिस्टरला चढवावी लागतात, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. पाकिटावर लाल चौकट असते बघा. दुकानदार चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून भांडू नका, तो बरोबर करतोय.

वारकरीमन

खलबत्ता, ही बाजू खरंच ठाऊक नव्हती. पण तरी विचारतो, घरोघरी मॉर्फिन गेलं तर ते बाहेर विकलं जाणार नाही याची खात्री काय? भांडण म्हणून नाही, मनापासून विचारतोय.

भूलभुलैया

प्रश्न रास्त आहे. केरळचं उदाहरण सांगतो. १९९३ मध्ये कोळिकोडला मेडिकल कॉलेजच्या आवारात पेन अँड पॅलिएटिव्ह क्लिनिक सुरू झालं, डॉ. एम. आर. राजगोपाल त्याच्या संस्थापकांपैकी. तिथे पेशंटला मॉर्फिनच्या गोळ्या घरी न्यायला देत होते. २००१ मध्ये लॅन्सेटमध्ये त्याचा हिशोब आला, दोन वर्षांत १,७२३ पेशंट आणि औषध बाहेर गेल्याचं एकही प्रकरण आढळलं नाही. कारण देण्याची पद्धत. मोजून द्यायचं, नोंद ठेवायची, स्वयंसेवक घरी जाऊन बघणार, पेशंट गेला तर उरलेलं परत घ्यायचं. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणीही अशीच काटेकोर नोंद असते.

जगात १९६१ चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे ना अमली पदार्थांवरचा, ज्याच्या नावाने सगळे देश कडक कायदे करतात, त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की वेदना कमी करण्यासाठी या औषधांचा वैद्यकीय वापर अपरिहार्य आहे आणि ती उपलब्ध राहतील अशी तजवीज झाली पाहिजे. दुसरा भाग सगळे विसरले. लॅन्सेट कमिशनने २०१७ मध्ये हिशोब मांडला, जगात वर्षाला वाटली जाणारी ओपिऑइड्स मॉर्फिनच्या मापाने सुमारे २९८.५ टन, त्यातली सगळ्यात गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन.

काटकोन

धाग्याचा विषय थोडा वळवतो, माफ करा. मला स्लिप डिस्कसाठी ट्रामाडॉल सुरू झालं होतं, ते आता दीड-दोन वर्षं चालूच आहे. डॉक्टर बदलले, प्रत्येकाने मागचंच पुढे लिहिलं. एखाद दिवस चुकलं तर घाम फुटतो, नाक गळतं, जांभया येतात, चिडचिड होते. रात्री एंग्झायटीसाठी एस्सिटालोप्राम पण आहे. वरचं वाचून वाटलं आजपासून बंदच करून टाकावं. कुणी केलंय का?

नीलमोहर

दादा बंद करून टाका खरंच, चार दिवस त्रास होईल आणि सुटाल.

भूलभुलैया

नको! काटकोन, कृपया आजपासून बंद करू नका. नीलमोहर, तुमचा हेतू चांगला आहे पण हा सल्ला धोक्याचा आहे.

ट्रामाडॉल दोन कामं करतं. एक ओपिऑइडचं आणि दुसरं मेंदूत सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं वाढवण्याचं. त्यामुळे एकदम सोडलं तर दोन्ही प्रकारचा त्रास होतो, घाम-जांभयांसोबत कुणाकुणाला तीव्र घबराट, भास, अंगात करंट गेल्यासारखं वाटणं. वर्षाच्या वर रोज घेतलेलं असेल तर साधारण महिन्याला दहा टक्के किंवा त्याहून हळू कमी करतात, मध्ये त्रास झाला तर तिथेच थांबून मग पुढे. घाई नाही. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आणि सोबत फिजिओथेरपी आणि नसेच्या दुखण्यासाठीची वेगळी औषधं गरजेप्रमाणे चालू करून, म्हणजे मूळ दुखण्याला वाऱ्यावर सोडलं असं होत नाही.

दुसरं, एस्सिटालोप्राम आणि ट्रामाडॉल दोन्ही सेरोटोनिन वाढवतात. हातपाय थरथरणं, ताप, खूप घाम, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं असं एकत्र दिसलं तर ताबडतोब हॉस्पिटल. फिटचा धोकाही वाढतो. दोन्ही लिहिणाऱ्या डॉक्टरांना एकमेकांचं माहीत आहे का? दोघांनाही सगळ्या औषधांची यादी दाखवा. आणि तुम्ही जे वर्णन केलंय ती शरीराची सवय आहे, त्याची लाज बाळगू नका. सोडणं फारच जड गेलं तर ब्युप्रेनॉर्फिनसारखे उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञ ते नीट देतात आणि अनेक जण बाहेर येतात.

पांढरापट्टा

यात भर. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम-क्लोनाझेपामसारख्या, आणि दारू, या दोन गोष्टी ओपिऑइडसोबत नकोत. प्रत्येक जण श्वासाचं केंद्र थोडं थोडं मंद करतो आणि एकत्र आले की माणूस झोपेतच श्वास घ्यायचा थांबतो. प्रेगाबालिन-गॅबापेंटिनसोबत पण डॉक्टर जपून वाढवतात. झोपेत घोरण्याचा, श्वास अडकण्याचा आजार असेल तर आधी सांगा.

कुणी जास्त डोस घेतल्याचा संशय असेल तर तीन गोष्टी, हलवून उठत नाही, श्वास फार मंद किंवा घरघर असलेला, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकासारख्या बारीक. ओठ निळसर दिसू लागतात. नुसत्या बारीक बाहुल्या बघून घाबरू नका, मॉर्फिन घेणाऱ्या प्रत्येकाच्या होतात. पण श्वास मंद आणि जाग येत नाही असं असेल तर अँब्युलन्स बोलवा, कुशीवर वळवा, श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या. नालोक्सोन हे उताऱ्याचं इंजेक्शन हॉस्पिटलमध्ये असतं, दोन-तीन मिनिटांत माणूस शुद्धीवर येतो. पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि मूळ औषध अजून अंगात असतं, म्हणून शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी आणायचं नसतं. अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो.

सोडून काही दिवस झाल्यावर परत जुनाच डोस घेतल्याने अपघात होतात. शरीराचा सराव गेलेला असतो हे लक्षात येत नाही.

ओंजळ

लहान मुलांना खोकल्याच्या औषधात कोडीन असतं ते चालतं का? माझ्या मुलाला, पाच वर्षांचा आहे, जुन्या बाटलीतलं द्यावं असं घरात म्हणतायत.

खलबत्ता

ओंजळ ताई, अजिबात देऊ नका. कोडीन लिव्हरमध्ये जाऊन मॉर्फिन बनतं, आणि काही माणसांत जन्मतःच हे फार वेगाने होतं, साध्या चमच्यात जास्तीचं मॉर्फिन तयार होतं. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीन दिलेली मुलं अशी दगावली आहेत. त्यावरून अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखाली कोडीन आणि वेदनेसाठी ट्रामाडॉल दोन्ही नकोच असं सांगितलं. अंगावर पाजणाऱ्या आयांनी पण टाळायचं. ती बाटली घरात ठेवूच नका.

सांजवात

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री भूलभुलैया आणि पांढरापट्टा यांचे प्रतिसाद नणंदेला मोठ्याने वाचून दाखवले. तिने बरेच प्रश्न विचारले, चिडली पण, पण शेवटी सासूबाईच म्हणाल्या "सुरू करा". आज सकाळी डॉक्टरांशी फोनवर बोलून पहिला डोस दिला, रेचक पण आणलं. किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे. जादा डोसचा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावलाय. लगेच जादू झाली असं नाही, दुपारपर्यंत गुंगी होती, थोडी मळमळ, पण दुखणं दहापैकी नऊवरून सहावर आलं असं त्याच सांगतायत. डॉक्टर म्हणाले अजून डोस बसवायला काही दिवस लागतील.

एक विचारायचं होतं. पुढे गिळता आलं नाही तर फेंटानिलचा पॅच लावू म्हणाले. तो गोळीपेक्षा सुरक्षित असतो का? घरात माझी तीन वर्षांची मुलगी आहे.

पांढरापट्टा

छान झालं गं. मळमळीसाठी आठवडाभर औषध देतात, मागून घे.

पॅच दिसायला साधा पण औषध फार तीव्र. ज्यांनी आधी ओपिऑइड घेतलेलंच नाही त्यांना तो लावत नाहीत, आणि एकदम उसळलेल्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही कारण असर यायला बारा ते चोवीस तास लागतात. त्या मधल्या वेळात आधीचं औषध किती वेळ चालू ठेवायचं ते विचारून घे. तीन दिवसांनी बदलायचा, जागा बदलून, कोरड्या त्वचेवर, आणि पॅचच्या पाठीला तारीख-वेळ लिहून ठेवायची. त्याच्यावर गरम पाण्याची पिशवी, शेकणं, हीटिंग पॅड काही नको, ताप आला तरी कळवायचं, उष्णतेने औषध भराभर आत जातं. कापायचा नाही.

मुलीबद्दल विचारलंस ते महत्त्वाचं. काढलेल्या पॅचमध्येसुद्धा लहान मुलाचा जीव जाईल इतकं औषध उरलेलं असतं, आणि मुलांना तो स्टिकर वाटतो. काढल्याबरोबर चिकट बाजू आत करून अर्धा दुमडून चिकटवायचा, हात धुवायचे, आणि दुमडलेले पॅच मुलीचा हात पोचणार नाही अशा झाकणाच्या डब्यात कुलपात ठेवून पुढच्या वेळी सेंटरवर परत द्यायचे. गोळ्या पण आत्तापासूनच कुलपात ठेव, आणि किती उरल्या ते वहीत लिहीत जा. आजीजवळ झोपते का गं ती? मग पॅच पाठीवर वरच्या बाजूला लावायला सांग, आणि रोज सकाळी तो जागेवर आहे ना ते हाताने चाचपून बघत जा.

काटकोन

दोन्ही डॉक्टरांना यादी पाठवली. सोमवारची अपॉइंटमेंट मिळालीये, तोपर्यंत आहे तोच डोस चालू ठेवा म्हणाले.